खत भरपूर, फुले मोजकी : गच्चीवरच्या अठरा कुंड्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका घराच्या गच्चीवर ११ गुलाब आणि ७ जास्वंदी होत्या. कुंड्या सगळ्या १२ इंची, प्लास्टिकच्या. मिश्रण माती चार भाग, कोकोपीट तीन भाग आणि गांडूळखत तीन भाग असे होते आणि दोन वर्षांत ते बदललेले नव्हते. ऊन सकाळपासून सहा-सात तास मिळत असे. पाणी बोअरचे. फरशी खराब होऊ नये म्हणून प्रत्येक कुंडीखाली थाळी ठेवलेली होती. ही थाळी लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

खत देण्यात घरच्यांनी कधी हात आखडता घेतला नव्हता. दर पंधरवड्याला कुंडीमागे चहाचा एक चमचा डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), दोन-तीन महिन्यांनी मूठभर बोनमील (हाडांचा चुरा), महिन्याला एक चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि मधूनमधून केळीच्या सालीचे पाणी असा क्रम होता. पहिल्या वर्षी गुलाब छान फुलले. त्यामुळे खत योग्यच आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती.

अडचण

दुसऱ्या वर्षी फुले निम्म्यावर आली, मग त्याहून कमी झाली. गुलाबाचे फुटवे आखूड राहू लागले आणि बरेचसे कळी न धरताच थांबू लागले. जी फुले येत ती लहान असत, पाकळ्याही कमी. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होत होत्या. जास्वंदीचे दुखणे वेगळे होते. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की देठापासून गळत आणि शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडत, पण त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहत.

यावर घरच्यांनी जे केले ते बहुतेक जण करतात. पाने पिवळी म्हणून एप्सम सॉल्ट वाढवले, फुले नाहीत म्हणून डीएपी वाढवले. एकदा युरियाही दिला. त्याने काही गुलाबांवर गडद हिरवी, लुसलुशीत पालवी आली, पाठोपाठ मावा आला आणि फुले जेवढी होती तेवढीच राहिली. लोहाचे एक चिलेटेड खतही, म्हणजे लोह विद्राव्य राहावे म्हणून दुसऱ्या द्रव्याने धरून ठेवलेले खत, आणून दिले होते, त्याचाही काही उपयोग झाला नाही.

तपासणीत काय निघाले

पहिला प्रश्न उन्हाचा. फुले येत नाहीत अशा तक्रारींत बऱ्याच वेळा मूळ कारण सावली असते, आणि सावलीतल्या झाडाला खत वाढवून फूल येत नाही. इथे ऊन पुरेसे होते, तो मुद्दा निकालात निघाला.

दुसरा प्रश्न किडीचा. जास्वंदीच्या गळलेल्या कळ्या नखाने उभ्या चिरून पाहिल्या. कळीत पांढुरक्या बारीक अळ्या असतील तर तो कळीतल्या माशीचा उपद्रव असतो आणि त्यावर खत हा उपाय नव्हे. सहा झाडांच्या कळ्या स्वच्छ निघाल्या. एका झाडाच्या, दुहेरी पाकळ्यांच्या जातीच्या, कळ्यांत अळ्या होत्या. पांढऱ्या कागदावर फांद्या झटकून फुलकिडेही पाहिले. ते नगण्य होते.

मग पानांकडे. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते, म्हणून त्यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन असे हलवता येत नाही, म्हणून त्यांची कमतरता शेंड्याला दिसते. जास्वंदीचा पिवळेपणा शेंड्याला होता, म्हणजे संशय लोहावर. एप्सम सॉल्ट मॅग्नेशियमसाठी असते. ते चुकीच्या पानाचे औषध होते आणि त्याने कुंडीतल्या क्षारांत भर तेवढी पडत होती.

गुलाबाचे निदान इतके सरळ नव्हते. जुन्या पानांच्या कडा पालाश कमी असला तरी करपतात आणि कुंडीत क्षार जास्त झाले तरी करपतात. डीएपीत पालाश अजिबात नसतो, बोनमीलमध्ये नावापुरता असतो आणि सालीच्या पाण्यातून येणारा फारच थोडा. म्हणजे पालाशची कमतरता असणे स्वाभाविक होते. पण कुंड्यांच्या काठावर पांढरा थरही जमलेला होता. नुसत्या डोळ्यांनी निर्णय घेतला असता तर पालाशयुक्त खत दिले गेले असते, आणि खत म्हणजे क्षारच. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. तसे असेल तर उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

म्हणून मोजमाप केले. कुंडीला नेहमीसारखे पाणी देऊन तासभर थांबायचे, मग वरून ४०० मिलिलीटर पाणी सावकाश ओतायचे आणि तळातून येणारे पहिले ५० मिलिलीटर पाणी स्वच्छ भांड्यात धरून त्याचा सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, मोजायची. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ईसी जास्त. ईसीचा पेन-मीटर आधी १.४१३ मिलीसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात तपासून घेतला. न तपासलेल्या मीटरचा आकडा धरून खताचे माप ठरवण्यापेक्षा मीटर नसलेला बरा.

आकडे असे आले. गुलाबांच्या कुंड्यांत ईसी ४.६ ते ६.२ मिलीसीमेन्स प्रति सेंटीमीटर, जास्वंदींत ५.८ च्या आसपास. या पद्धतीने १.५ ते ३ हा आकडा फुलझाडांना मानवतो. ४ च्या पुढे मुळांना पाणी ओढणे जड जाऊ लागते आणि कडा करपतात. सामू ७.९ होता, गुलाबाला ६ ते ६.८ हवा असतो. बोअरच्या पाण्याचा सामू ८.१, ईसी १.४ आणि क्षारीयता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ३२० मिलिग्रॅम निघाली. मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिला होता. तिथून उपलब्ध स्फुरद ‘अतिशय जास्त’ असा शेरा आला.

आता सगळे जुळले. डीएपीत १८ टक्के नत्र असते आणि ४६ टक्के स्फुरद, पण हा ४६ चा आकडा ऑक्साइडच्या रूपातला आहे. मूलद्रव्याच्या हिशेबाने तो सुमारे २० टक्के भरतो. एका चमच्यात ५ ग्रॅम धरले तर वर्षाला कुंडीमागे १२० ग्रॅम डीएपी गेले, म्हणजे नत्र २१.६ ग्रॅम आणि स्फुरद २४ ग्रॅम. गुलाबाच्या निरोगी पानात मात्र कोरड्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के नत्र असते आणि अर्ध्या टक्क्याच्या आतच स्फुरद. झाडाला जे दहाव्या हिश्श्याने लागते ते नत्राच्या बरोबरीने, किंबहुना थोडे जास्तच, दिले जात होते. साठलेला स्फुरद लोह आणि जस्ताच्या वाटेत येतो. वर सामू ७.९, त्यात मातीतले लोह अविद्राव्य होऊन बसते. बोनमील तर सामू ७ च्या वर जवळपास विरघळतच नाही.

आधी दिलेले लोहखत का लागू पडले नाही तेही यातच आले. त्याच्या पुडीवर ईडीटीए लिहिलेले होते. ईडीटीएने धरलेले लोह सामू साधारण ६.५ पर्यंतच टिकते, त्यापुढे ते सुटून वाया जाते. डीटीपीए हे त्याच कामाचे दुसरे द्रव्य ७.५ पर्यंत चालते. ७.९ ला ईडीडीएचए लागते.

राहिली ती थाळी. निचऱ्यातून बाहेर पडलेले खारे पाणी थाळीत साठे आणि संध्याकाळपर्यंत कुंडी ते परत शोषून घेई. दोन वर्षांत एकाही कुंडीतले क्षार खऱ्या अर्थाने बाहेर गेलेले नव्हते.

समोर असलेले पर्याय

खतविक्रेत्याने ‘फुलांचे खत’ म्हणून ०:५२:३४ सुचवले होते (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशच्या टक्क्यांचे). जिथे स्फुरद आधीच अति झाला आहे तिथे हे देणे म्हणजे आगीत तेल. हा पर्याय लगेच बाद झाला. स्फुरद फुलांसाठी, म्हणून जास्त स्फुरद म्हणजे जास्त फुले, हा समज फार पसरलेला आहे. कमतरता असेल तेव्हाच तो खरा ठरतो.

सगळ्या कुंड्या नव्या मिश्रणात हलवणे हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ उपाय होता. अडचण दोन बाबतींत. उन्हाळा तोंडावर होता आणि त्या दिवसांत अठरा झाडांची मुळे उघडी करणे धोक्याचे. शिवाय पाणी तेच राहणार असल्याने नवे मिश्रणही त्याच वाटेने गेले असते. हा पर्याय पुढच्या हंगामावर ढकलला.

नुसती लोहाची फवारणी केली तर आठ-दहा दिवसांत पाने हिरवी दिसतात, पण पुढची पालवी पुन्हा पिवळी येते. रासायनिक खत पूर्ण बंद करून फक्त सेंद्रिय द्यावे असेही सुचवले गेले. त्याने सामू उतरत नाही, क्षार निघत नाहीत, आणि मिश्रणात आधीच तीस टक्के गांडूळखत होते.

उरला पाचवा मार्ग : आधी क्षार धुऊन काढायचे, मग पाण्याचा सामू आटोक्यात आणायचा, मग स्फुरद वगळून हलक्या मात्रेत नत्र-पालाश द्यायचे. घरातल्या थोरल्यांचा याला विरोध होता. “आधीच फुलेना, त्याला उपाशी ठेवायचे म्हणता?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. तडजोड म्हणून दोन गुलाब जुन्याच पद्धतीवर, डीएपीवर, ठेवायचे ठरले. छाटणी, ऊन आणि मूळचे पाणी मात्र त्यांचेही इतरांसारखेच ठेवायचे. ही तडजोड पुढे फार उपयोगी पडली.

काय केले

*धुणे.* थाळ्या काढून कुंड्या विटांवर उचलल्या. कुंडीतल्या मिश्रणाचे आकारमान साधारण १२ लिटर, त्याच्या दुप्पट म्हणजे २४ लिटर पाणी तीन हप्त्यांत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने, सावकाश ओतले. एकदम ओतले तर पाणी कडेच्या फटीतून निघून जाते आणि मधला गड्डा कोरडा राहतो. निचऱ्याची ईसी २.३ वर आली. बोअरचेच पाणी १.४ चे असल्याने त्याहून फार खाली जाणे शक्य नव्हते. घरात पाणी मृदू करणारे यंत्र होते, त्याचे पाणी मुद्दाम टाळले. ते यंत्र कॅल्शियम काढून सोडियम घालते आणि कुंडीसाठी तो सौदा वाईट.

इथेच एक चूक झाली. दोन कुंड्यांची तळाची भोके मातीने बुजलेली होती आणि ते आधी पाहिले नव्हते. ओतलेले पाणी त्यांत तुंबून राहिले. एक गुलाब पानगळ होऊन मुळासकट कुजला, दुसरा कुंडीतून काढून वेळीच वाचवला. धुण्यापूर्वी लिटरभर पाणी ओतून ते दोन-तीन मिनिटांत तळातून वाहते का, एवढे पाहणे पुरेसे होते.

*छाटणी.* त्याच आठवड्यात गुलाब एक-तृतीयांश उतरवले. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर, तिरका घेतला. गुलाबाला फूल नव्या फुटव्यावर येते, त्यामुळे जुन्या करपलेल्या फांद्यांना खत पाजण्यात हशील नव्हते. जास्वंदींना कात्री लावली नाही.

*पाणी.* आठवड्यातून एकदा १० लिटरच्या बादलीत ३ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून सामू ६.३ च्या आसपास आणायचा आणि ते पाणी द्यायचे. मात्रा पाण्याच्या क्षारीयतेवर ठरते, नुसत्या सामूवर नाही, त्यामुळे हा आकडा दुसऱ्याच्या बादलीला जसाच्या तसा लावू नये. सामूच्या पट्टीने तपासत थोडे-थोडे घालावे. शिवाय मातीतले जिवाणू सायट्रेट खाऊन टाकतात आणि परिणाम हळूहळू ओसरतो. हा तात्पुरता टेकू आहे.

*लोह.* जास्वंदींना ईडीडीएचए लोह, ६ टक्क्यांचे, कुंडीमागे १ ग्रॅम लिटरभर पाण्यात कालवून आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणे. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. वेळ संध्याकाळची, कारण चिलेटेड लोह उन्हात विघटते. याचे द्रावण रक्तासारखे लालभडक असते आणि फरशीवर सांडले की डाग सहजी निघत नाही, म्हणून कुंड्यांखाली जुनी पोती अंथरली होती.

*खत.* धुतल्यावर आठवडाभर काहीच दिले नाही. मग दर आठवड्याला १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५, आणि २.५ ग्रॅम अमोनियम सल्फेट. यातून लिटरला नत्र सुमारे १०० मिलिग्रॅम आणि पालाश, मूलद्रव्याच्या हिशेबाने, सुमारे १५० मिलिग्रॅम मिळतो. नुसते १३:०:४५ का दिले नाही? त्यातला नत्र नायट्रेटच्या रूपात असतो. मूळ नायट्रेट घेताना भोवतीचा सामू वर सरकवते आणि अमोनियम घेताना खाली. ७.९ वर बसलेल्या कुंडीत नत्राचा निम्मा वाटा अमोनियमचा ठेवणे शहाणपणाचे होते. कॅल्शियम वेगळे दिले नाही, कठीण पाण्यातून ते येतच होते. डीएपी, बोनमील, एप्सम बंद.

कुंडीमागे दीड लिटरपर्यंत द्रावण, पाचव्या हिश्शाएवढे तळातून निघून जाईल इतके. ओल्या मिश्रणातच द्यायचे, कोरड्यात नाही. मोजमाप काट्यावर. चमच्याने तीन खतांची तीन वेगळी वजने भरतात आणि घोळ तिथून सुरू होतो.

पाचव्या आठवड्यात नवे फुटवे पाहून घरात उत्साह आला आणि तीन गुलाबांना दुप्पट मात्रा गेली. चार दिवसांत कोवळ्या पानांच्या कडा आत वळल्या, ईसी ४.१ भरली. त्या तीन कुंड्या पुन्हा धुवाव्या लागल्या आणि त्यांची फुले इतरांपेक्षा दोन आठवडे मागे पडली.

निष्पत्ती

जास्वंदींची नवी पाने तिसऱ्या आठवड्यात हिरवी येऊ लागली. जुनी पिवळी पाने मात्र पूर्ण हिरवी झाली नाहीत. ती होतील अशी अपेक्षा धरून पुन्हा लोह देत राहणे ही नेहमीची चूक, ती टाळली. सहा जास्वंदींची कळीगळ दीड महिन्यात जवळपास थांबली. सातव्या, दुहेरी पाकळ्यांच्या झाडाची थांबली नाही. तिथे कारण अळी होते. गळलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट करणे सुरू केल्यावरच तिथे थोडा फरक पडला.

गुलाबांचा पहिला बहर छाटणीनंतर सातव्या आठवड्यात आला. नव्या पद्धतीवरच्या आठ झाडांवर प्रत्येकी ४ ते ७ फुले आली, डीएपीवर ठेवलेल्या दोन झाडांवर १ आणि २. छाटणी, ऊन आणि मूळचे पाणी सगळ्यांना सारखेच होते, त्यामुळे फरक केवळ छाटणीचा म्हणता येत नाही. दोनच झाडे होती, तेव्हा यावरून मोठा निष्कर्षही काढू नये. पण घरातला वाद त्यानंतर मिटला.

तीन महिन्यांनी ईसी १.९ वर स्थिरावली. सामू ७.२ पर्यंतच उतरला. माती आणि पाणी दोन्ही चुनखडीयुक्त असताना ६.५ गाठणे या उपायांनी होणारे नव्हते. स्फुरद अजून ‘जास्त’ आहे. मातीने घट्ट धरलेला स्फुरद पाण्याने धुऊन जात नाही, झाडाने तो वापरून संपवण्याचीच वाट पाहावी लागते.

काय वेगळे करता आले असते

पाण्याची तपासणी सगळ्यांत आधी व्हायला हवी होती, झाडे लावण्यापूर्वीच. क्षारीयता माहीत असती तर ईडीटीए लोह आणि बोनमील दोन्हींवरचा खर्च वाचला असता.

धुणे, आम्ल, लोह आणि पालाश हे सगळे महिन्याभरात सुरू केले. त्यामुळे गुलाबांवर नेमका कशाचा परिणाम जास्त झाला हे सांगता येत नाही. दोन कुंड्या फक्त धुऊन, बाकी काही न देता ठेवल्या असत्या तर ते कळले असते. आमचा अंदाज असा की गुलाबांत निम्म्याहून अधिक काम धुण्याने आणि थाळ्या काढण्याने केले, पण तो अंदाजच आहे.

निचरा अतिशय मंद असलेल्या कुंड्या धुण्याऐवजी थेट हलवायला हव्या होत्या, उन्हाळा असो वा नसो. कुजलेला गुलाब त्याने वाचला असता.

हवामान निवळल्यावर सर्व झाडे नव्या मिश्रणात हलवायचे ठरले आहे. त्यात गांडूळखत पंधरा-वीस टक्क्यांवर आणायचे, कोकोपीट धुऊन आणि कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून घ्यायचे, मातीचे प्रमाण घटवून जाडसर वाळू किंवा पर्लाइट मिसळायचे. न धुतलेले कोकोपीट स्वतःच सोडियम आणि पालाश सोडते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते. नव्या मिश्रणात स्फुरद गांडूळखतातून येईल तेवढाच, वेगळा नाही, निदान पहिले सहा महिने. दर सहा आठवड्यांनी दोन गुलाब आणि एक जास्वंद निवडून तळाच्या पाण्याची ईसी मोजायची. आकडा ३ च्या वर गेला तर त्या आठवड्याचे खत सोडून साधे पाणी भरपूर द्यायचे, १.५ च्या खाली आला तर आठवड्यातली एक मात्रा वाढवायची.